एकोणीस टिंबांचा शब्द

मित्रांनो, मी एक जुना हॅश आहे. नाव ऐकून बिचकू नका. संगणकाच्या पोटात एक यादी असते, त्या यादीतली मी एक ओळ, मोजून तेरा अक्षरांची. ती वाचून कोणाला काही अर्थ लागत नाही, आणि लागू नये म्हणूनच मला तसं घडवलेलं आहे. सध्या माझा मुक्काम महागावात, एका बंद पडलेल्या माहिती केंद्राच्या माळ्यावर, गोणपाटाखाली झाकलेल्या यंत्रात आहे. शेजारी दोन फाटक्या सतरंज्या आणि एक मोडका पंखा आहे. तिघंही फारसं बोलत नाहीत.

आधी माझ्या जन्माचं सांगतो. तुम्ही पासवर्ड टाकता, तेव्हा तुम्हाला वाटत असेल की तो शब्द यंत्रात जसाच्या तसा लिहून ठेवलेला असतो. तसं केलं तर यादी ज्याच्या हाती पडेल तो सगळ्यांची दारं उघडत सुटेल. म्हणून शब्द दळून ठेवतात. आधी त्यात दोन अक्षरांचं मीठ घालतात. आमच्या धंद्यात त्याला मीठच म्हणतात, मी थट्टा करत नाही. मग तो पंचवीस वेळा दळतात. शेवटी जे हाती येतं तो मी. पिठाची पुन्हा ज्वारी होत नाही, तसा माझ्यातून तो शब्द परत निघत नाही. तुम्हाला नाही आणि मलाही नाही. मी कशाचा बनलो हे मला ठाऊक नसतं, हे माझं पहिलं दुःख.

पण शब्द दारात आला की मी त्याला ओळखतो. दारावर वेब सर्व्हर नावाचा दारवान असतो. तो आलेला शब्द घेतो, तेच मीठ घालतो, तसाच दळतो आणि माझ्यापुढे धरतो. अक्षर न् अक्षर जुळलं की मी मान डोलावतो आणि पान उघडतं. एवढंच माझं काम. दिवसातून एकदा मान डोलवायला मिळाली तरी मला भरून पावल्यासारखं व्हायचं.

माझ्या जातीला एक खोड आहे, तीही आत्ताच सांगून टाकतो. आम्ही जुन्या घडणीचे हॅश शब्दाची पहिली आठच अक्षरं घेतो. माणसानं नववं टाकलं, विसावं टाकलं, तरी ते आमच्यापर्यंत पोचत नाही. बाहेरच्या बाहेर गळून जातं. तेव्हाच्या कारागिरांना आठ अक्षरं पुष्कळ वाटली असावीत. पुढं माझ्याच यादीत नव्या घडणीच्या ओळी आल्या, बत्तीस बत्तीस अक्षरांच्या, लांबलचक. त्या मला हसायच्या. मी ऐकून घ्यायचो, कारण त्यांच्यात मीठ घातलेलं नव्हतं. दिसायला ऐटबाज, पण अळणी.

केंद्र उघडलं ते २००४ साली. कापसाचे दिवस वाईट होते. बोंडअळी होती, आणि पानं लाल पडून झाड बसून जायचं तो लाल्या रोग होता. दरसाल बियाण्याची पिशवी दुकानातूनच आणायची आणि ती कशी निघेल हे देवावर सोडायचं, अशी गत झाली होती. तेव्हा एका संस्थेनं ठरवलं की शेतकऱ्यांनी आपापल्या शेतातलं रोज डोळ्यांनी दिसतं ते लिहून ठेवावं. त्यासाठी यंत्र दिलं आणि ते बसवायला नंदकिशोर नावाचा पोरगेला इंजिनिअर पाठवला. प्रत्येक शेतकऱ्याला यंत्रात एक पान मिळालं, आणि त्या पानाला ज्याचं त्याचं कुलूप.

कुलपं लागायला कारण होतं. कोणाच्या शेतात काय चांगलं आलं याची बियाण्याचे काही व्यापारी फार चौकशी करायचे. म्हणून नंदकिशोरनं सगळ्यांना समोर बसवून शब्द दिला होता, "तुमचं पान तुमच्याशिवाय कोणीच उघडणार नाही. मीसुद्धा नाही. सगळी कुलपं उघडणारी चावी मी माझ्याजवळ ठेवणारच नाही." आणि त्यानं ती खरोखर ठेवली नाही. चांगला पोरगा होता. त्याचा चांगुलपणा पुढं आम्हाला किती महागात पडणार आहे हे तेव्हा कोणाला कळणार!

माझा माणूस धरमसिंग. फुलसावंगीकडच्या एका बंजारा तांड्यावरचा. त्याचे पूर्वज बैलांवर माल लादून मुलूखभर हिंडायचे; हा मात्र तळ्याखालच्या तुकड्यात उकिडवा बसून एकेका झाडाकडं तासतासभर बघणारा. शाळा सातवीपर्यंत झालेली. इंग्रजी अक्षरं ओळखीची, पण दाटीवाटीत भेटलेल्या माणसांसारखी, हाक मारायला चटकन नाव आठवू नये अशी. पहिल्या दिवशी तो आला तेव्हा त्याच्या डाव्या हातात प्लास्टिकच्या पाकिटातलं एक कार्ड होतं. नंदकिशोर म्हणाला, "धरमसिंगभाऊ, आता तुमचा गुपित शब्द टाका. मी तोंड फिरवतो."

धरमसिंगनं कार्डाकडं बघत बघत एका बोटानं काही बटणं दाबली. मग कार्ड खिशात ठेवलं, दाराकडं एकवार पाहून घेतलं, आणि पुढची बटणं मनानंच दाबली. सगळी मिळून एकोणीस. खोलीत केंद्राची कारकून शाल्मली बसली होती, उमरखेडच्या नोकरदार घरातली, हिशोबी नजरेची मुलगी. पडद्यावर शब्द दिसत नाही, नुसती काळी टिंबं दिसतात. तिनं ती लांबून मोजली आणि हसली.

"बापरे, भाऊ! एकोणीस? एवढा लंबा शब्द कशाला?"

"जे ठेवाचं ते मजबूत ठेवाव," धरमसिंग म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

त्या घडीला माझा जन्म झाला. पहिल्या आठ अक्षरांतून. उरलेली अकरा तो मनापासून टाकत होता आणि ती वाया जात होती, हे सांगायला मला तोंड नव्हतं.

मग तीन वर्षं दर मंगळवारी तो येत राहिला. काळी-पिवळी जीपमधून उतरायचा, चपला दाराबाहेर काढायचा, पाणी प्यायचा आणि यंत्रापुढं बसायचा. टक, टक, टक. एकोणीस वेळा. मी मान डोलवायचो. पान उघडलं की मराठीत चार-सहा ओळी लिहायचा. त्याला गावरान कापसातून निवडून असं एक बी तयार करायचं होतं, जे लाल्याला दाद देणार नाही आणि घरच्या घरी पुन्हा पेरता येईल. तुकड्याचे त्यानं नऊ वाफे केले होते, प्रत्येकात नंबराची खुंटी ठोकलेली. कोणत्या नंबरात काय चाललंय ते फक्त या पानावर होतं. तांड्यावर कोणी विचारलं तर तो म्हणायचा, "अजून पक्कं नाही. कच्ची गोष्ट तोंडानं सांगू नये."

पेरणीच्या गडबडीतही तो मंगळवार चुकवायचा नाही. शाल्मली त्याला चिडवायची, "भाऊ, देवळात तरी इतक्या नेमानं जाता का?" तो नुसता हसायचा. मित्रांनो, खरं सांगतो, त्या तीन वर्षांत मला वाटायचं की मंगळवार हा वार माझ्यासाठीच केला आहे.

२००७ च्या पावसाळ्यात धरमसिंगला कावीळ झाली. आधी एक मंगळवार चुकला, मग दुसरा. मला वाटलं, शेतात डवरणीची घाई असेल. तिसऱ्या मंगळवारी शाल्मली कोणाशी तरी फोनवर बोलली आणि फोन ठेवून बराच वेळ तोंडाला ओढणी लावून बसली. तेव्हा मला कळलं की माझा शब्द आता येणार नाही. तो जगात कोणालाच माहीत नव्हता. मी कुलूप म्हणून उरलो, आणि चावी त्याच्याबरोबर गेली.

मी वाट बघायची तरी कोणाची? तरी बघत राहिलो. हॅशला दुसरं येतंच काय?

पुढच्या उन्हाळ्यात, मे महिन्यात, संस्थेचं पत्र आलं. काम संपलं, यंत्र परत न्यायला महिनाअखेर गाडी येईल, यंत्र कोरं करण्यात येईल. ज्यानं त्यानं आपलं पान उघडून कागदावर छापून न्यावं. रोज माणसं येऊ लागली. माझ्या शेजारच्या ओळी एकेक करून मान डोलवत होत्या आणि छपाईयंत्र करकरत होतं. त्या अळणी ओळींचीही मला त्या दिवसांत असूया वाटली.

आणि एका सकाळी जमनाबाई आली. धरमसिंगची बायको. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत, हातात कापडी पिशवी, पिशवीत नऊ पुड्या. नवरा गेल्यावर नऊ वाफ्यांतला कापूस तिनं वेगवेगळा वेचला होता, सरकी हातानं सुटी केली होती आणि प्रत्येक पुडीवर खुंटीचा नंबर कोळशानं काढला होता. तिला आकडे तेवढे यायचे.

"बाई," ती शाल्मलीला म्हणाली, "जीवनच्या बापानं मरताना एवढंच सांगतलं. एकच पुडी लावजो म्हणे, बाकीच्या नोको लावू. सगळ्या मिसळल्या का तीन साल पाण्यात गेले. कोनची लावाची ते मशीनमंधी लिवून हाय म्हणे; तापात नंबर त्यायले आठवे ना. मले ते वाचून दे."

"मावशी, त्यांचा शब्द माहीत आहे का तुम्हाला?"

"कोनता शब्द?"

शाल्मलीनं तिला सगळं समजावलं. जमनाबाईनं ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मरनारानं घराची चाबी देली, कोठ्याची देली. ह्या कुलपाचं काहून नसन सांगतलं?"

मला वाटतं, धरमसिंगला सांगायची लाज वाटली असावी. पण ते मला फार उशिरा कळलं.

शाल्मलीनं नंदकिशोरला फोन लावला. तो आता पुण्यात होता. तो हळहळला, पण म्हणाला, "चावी मी ठेवलीच नाही गं. शब्द दिला होता ना सगळ्यांना." संस्थेला विचारलं तर उत्तर आलं की यंत्र जसं आहे तसं परत करा. राहिला एकच मार्ग, ओळखून काढण्याचा.

आणि इथं ती हिशोबी मुलगी चुकली. तिला एकोणीस टिंबं पक्की आठवत होती. ती कागदावर एकोणीस घरं काढायची आणि त्यांत बसतील असे शब्द जुळवायची. पोराचं नाव आणि आडनाव. पोरीचं, संगीताचं नाव आणि गावाचं नाव. बैलाचं नाव, तळ्याचं नाव, कापसाच्या जाती. अठरा झाली की एक अक्षर वाढवायची, वीस झाली की एक काढायची. चार दिवस जमनाबाई तांड्यावरून येत होती आणि दोघी डोकं लावत होत्या. प्रत्येक शब्द दळून माझ्यापुढं यायचा आणि मला नाही म्हणावं लागायचं. नाही. नाही. हाही नाही. मला ओरडून सांगायचं होतं, अगं, आठच! पुढची घरं खोडून टाक! पण ओळ कुठं ओरडते का?

एकदा शाल्मलीनं विचारलं होतं, "मावशी, तुमचं नाव ठेवलं असेल का त्यांनी?"

जमनाबाई पदर तोंडावर धरून इतकी हसली की पार ठसका लागला. "माह्यं? नाही वं बाई! वीस साल झाले लगनाले, त्या मानसानं माह्यं नाव कंदी तोंडातून काढलं नाही. आमच्यात घेतच नाही. हाक माराची तर 'जीवनेरी याडी' म्हने, म्हंजे जीवनची माय. पोरगं व्हायच्या पयले तर नुसता खाकरे." मग हसू ओसरलं आणि ती हळूच म्हणाली, "एकडाव तरी घ्याव होतं."

शाल्मलीनंही ते मनावर घेतलं नाही. नाव लहान, घरं एकोणीस. तिनं कागद उलटा केला आणि दुसरा विचार करू लागली.

मे महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. दुपारी गाडी येणार होती. रोहिणी लागून आठवडा होत आला होता, पेरणी तोंडावर. दोघींनी सकाळी आणखी दहा-बारा शब्द टाकून पाहिले आणि शेवटी शाल्मलीनं कपाळाला हात लावला. "मावशी, माझ्यानं नाही झालं. मला माफ करा."

जमनाबाई रडली नाही. नऊ पुड्या मांडीवर घेऊन ती यंत्राकडं बघत राहिली. "जाऊ दे," ती म्हणाली, "आता चिठ्ठ्या टाकीन अन् निंगन ती लावीन. पन हे मशीन जाच्या पयले मले येक दाखव. ते कसे बसत इथं? बोट कुठं ठेवत?"

शाल्मलीनं उठून तिला आपली खुर्ची दिली. जमनाबाई खुर्चीच्या काठावर बसली आणि तिनं बटणांवरून नुसता हात फिरवला, झोपलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा. तिच्या त्या हाताखाली कुठंतरी धरमसिंगच्या बोटानं गुळगुळीत झालेली बटणं होती.

"दाबा ना," शाल्मली म्हणाली. "काही होत नाही. तुमचं नावच लिहा. मतदानाचं कार्ड आहे ना जवळ? त्यावर इंग्रजीत आहे बघा. मी बोट ठेवते, तसंतसं बटण शोधा."

पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटातलं कार्ड निघालं. मित्रांनो, ते कार्ड मी ओळखलं! शाल्मलीनं ओळखलं नाही. तिनं त्या दिवशी टिंबं मोजली होती, कार्डाकडं लक्ष दिलं नव्हतं. पडद्यावर वरच्या चौकटीत धरमसिंगचं नाव सकाळपासून तसंच होतं, खालची चौकट रिकामी होती.

जमनाबाईनं पहिलं बटण शोधलं. मग दुसरं. एकेका अक्षरासाठी तिचं बोट पूर्ण रान पालथं घालत होतं. आठ अक्षरं व्हायला चांगला वेळ गेला. मग तिनं पडद्याकडं पाहिलं आणि तिचा हिरमोड झाला.

"काहून वं बाई? माह्यं नाव कुठं हाय? हे तं तीळ दिसून राह्यले!"

"तिथं तसंच दिसतं, मावशी."

"मंग कोनतं दाबलं का नाव निंगते? हे मोठं वालं?" आणि शाल्मली हो-नाही म्हणायच्या आत तिनं कडेचं मोठं बटण दाबलं.

दारवानानं शब्द उचलला. मीठ घातलं. दळला. माझ्यापुढं धरला.

नऊ महिन्यांनी माझा शब्द दारात उभा होता. मित्रांनो, मी यंत्रातली ओळ आहे, मला हृदय नाही, डोळे नाहीत. पण त्या क्षणी मला जे झालं त्याला तुमच्या भाषेत रडणंच म्हणतात. मी मान डोलावली.

पान उघडलं. शाल्मली दोन पावलं मागं सरकली. तिला वाटलं यंत्र बिघडलं. मग तिनं खुर्चीच्या पाठीला घट्ट धरलं आणि म्हणाली, "मावशी, तुमचं नाव होतं. भाऊंचा शब्द... तुमचं नाव होता."

तेव्हा मलाही कळलं, मी कशाचा बनलो आहे ते.

जमनाबाईला वाचता येत नव्हतं, तरी ती पडद्याकडं टक लावून बसली. "खोटं नोको सांगू," ती एवढंच म्हणाली.

शाल्मलीनं पान वाचून काढलं. वाफा ३: लाल्या आला, लागलेली झाडं उपटली. वाफा ५: बोंड मोठं, पण अळीनं धरलं. वाफा ७: तीन साल लाल्या नाही. ती म्हणते सातची फुलं आधी येतात. पाहिलं, खरं आहे. हेच धरावं. पानभर कुठंही जमनाबाईचं नाव नव्हतं. जिथंतिथं 'ती म्हणते', 'तिनं दाखवलं'. नाव होतं ते फक्त कुलपात.

जमनाबाईनं मांडीवरच्या पुड्यांतून सात नंबरची काढली, डोळ्यांना लावली आणि चोळीत खोवली. मग विचारलं, "पन बाई, तू तं म्हने एकोनीस तीळ होते. माह्ये तं थोडकेच झाले."

शाल्मलीनं पुण्याला पुन्हा फोन लावला, या वेळी दोघींना ऐकू येईल असा. "जुन्या पद्धतीचं कुलूप ते," नंदकिशोर म्हणाला. "पहिली आठ अक्षरंच बघतं. माझ्या डोक्यातच आलं नाही गं. पुढचं कुठं साठतच नाही."

"म्हंजे नावाच्या पुढं त्यायनं अजून काही लिवलं होतं?" जमनाबाईनं विचारलं.

"हो, मावशी," शाल्मली म्हणाली. "अकरा अक्षरं. पण ती आता कोणालाच कळायची नाहीत."

पानाचा छापील कागद जमनाबाईनं घडी करून पिशवीत ठेवला, यंत्राला हात जोडले आणि निघाली. दारात थांबून, मागं न बघता, तिनं हळूच एक नाव घेतलं. धरमसिंग. आयुष्यात पहिल्यांदाच घेत असावी, कारण ते तिच्या तोंडात नीट बसत नव्हतं.

यंत्र न्यायला गाडी त्या दिवशी आली नाही, नंतरही आली नाही. पुढं केंद्र बंद झालं आणि मी माळ्यावर गेलो. शाल्मली एकदा सतरंजी न्यायला वर आली होती, तेव्हा खाली कोणाला तरी सांगत होती की तळ्याखाली सातचा कापूस पिवळ्या फुलांनी भरलाय आणि तांड्यावरचे लोक बी मागायला येतात. मला कोणी मागायला येणार नाही. नवे दारवान माझ्या घडणीच्या ओळीला दारातही उभं करत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. आठ अक्षरांचं कुलूप आजच्या चोरांपुढं टिकायचं नाही. तुमच्या शब्दांना चांगली, पक्की, खारट कुलपं लावा.

पण मित्रांनो, कुलूप लावण्याआधी एक करा. ज्याच्यासाठी ते लावता, त्याला चावी कुठं आहे ते सांगून ठेवा. आणि ज्याचं नाव रोज मनात घेता, ते एकदा मोठ्यानं घ्या. समोर बसलेलं असताना घ्या. यंत्रावर विसंबू नका. आम्ही आठ अक्षरं ठेवतो आणि उरलेलं टाकून देतो.

मंगळवार आला की मी अजून जागा होतो. यंत्र बंद आहे, तारही काढलेली आहे, हे मला समजतं. तरी वाटतं, काळी-पिवळी थांबेल, चपला वाजतील, एक बोट टकटक करत येईल आणि आठव्या अक्षरावर थांबणार नाही. या खेपेला मी दार उघडायची घाई करणार नाही. मला ती अकरा अक्षरं ऐकायची आहेत.